चौदाव्या पहारेकऱ्याचं शेवटचं पान

शेवटवाल्या बाईंनी उभ्या आयुष्यात एकही पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं नव्हतं. शेवट मात्र त्यांनी एकोणीसशे वाचले होते, काही तर चार-चार वेळा. राक्षस त्यांना ठाऊक होते ते मरताना. अंतराळयानं ठाऊक होती ती परतताना, नाहीतर परत न येताना. झपाटलेली घरं जळून राख झाल्यावर त्यांच्या ओळखीची होत. ही सगळी मंडळी आधी कोण होती, कुठून आली, कुणाच्या चुकीमुळे आली, हे बघायला त्या कधी गेल्या नाहीत.

"शेवटी राक्षस मेला म्हणजे आधी तो जिवंत असणार," त्या म्हणत. "एवढं कळलं की पुरे. बाकीची एकशेअठ्ठावन्न पानं म्हणजे पसारा."

मी बावीस वर्षं त्यांच्याकडून पुस्तकं नेतो आहे. वाचनालय त्यांच्या सासऱ्यांनी काढलेलं. खाली दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या, वर केस कापण्याचं दुकान. दुकानात सगळ्या तऱ्हेची पुस्तकं होती, पण चालायची ती भुताखेतांची, चेटकिणींची, परग्रहावरून आलेल्यांची, काळात मागेपुढे जाणाऱ्या यंत्रांची. पिवळट स्वस्त कागद, मुखपृष्ठावर किंचाळणारी बाई, नाहीतर हिरवा चंद्र. आणि नेमकी हीच परत यायची नाहीत. प्रेमकथा न चुकता परत यायच्या. "तिचा शेवट पहिल्याच पानावर कळतो," सासरे म्हणायचे, "ती कशाला कोण ठेवून घेईल?" भुताचं पुस्तक मात्र या हातातून त्या हातात, तिथून कुणाच्या मावसभावाकडे, आणि मग भुतासारखंच बेपत्ता.

सासऱ्यांनी यावर तोडगा काढला. पोलादी पट्टी आणि नवं ब्लेड घेऊन अशा प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान त्यांनी कापून काढलं. पान पाकिटात, पाकिटावर निळ्या शाईने क्रमांक, पाकीट खणात. ज्याला शेवट हवा त्याने पुस्तक परत आणायचं. पुस्तक काउंटरवर ठेवलं की पाकीट मिळायचं, आणि पान तिथेच, उभ्याने वाचायचं. बसायला खुर्ची नाही. बसलेला माणूस शेवटावर रेंगाळतो आणि मागची रांग वाढते, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवसापासून एकही पुस्तक बुडालं नाही. एक सोडून.

त्या काउंटरवर मी कितीतरी लोकांना शेवट वाचताना पाहिलं आहे. ट्रक चालवणारा एक दांडगा गडी ओठ हलवत वाचायचा आणि संपलं की पान पाठमोरं ठेवायचा, जणू ते त्याच्याकडे बघेल. शाळेतल्या एक बाई वाचताना तोंडावर हात धरत. शेवटवाल्या बाई स्टुलावर बसून स्वेटर विणायच्या, पण नजर टाक्यांवर नसायची. लोक पान वाचत, त्या लोकांना वाचत.

त्या या घरात आल्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जायचा, सासरे काउंटरवर, आणि घरात एकोणीस वर्षांची नणंद. ही नणंद म्हणजे पुस्तकातली वाळवीच. भाजी निवडता निवडता ती भावजयीला गोष्ट सांगायची, तीही अशी रंगवून की निवडलेली भाजी केरात आणि केर पातेल्यात. एकशेअठ्ठावन्नाव्या पानावर ती थांबायची, कारण पुढचं तिच्याकडेही नसायचं. बापाचा नियम लेकीलाही होता. मग दुसऱ्या दिवशी ती पुस्तक परत करून काउंटरवर उभी राहायची. तिला ठाऊक नसायचं की भावजयीने ते पान आदल्या दुपारीच वाचून ठेवलंय. सासरे जेवायला आत गेले की काउंटर नव्या सुनेकडे असायचा, खणांची किल्लीही. तेवढ्या वेळात एखादं पुस्तक वाचून होत नसे. एक पान होत असे.

"सुरुवात वन्संकडे, शेवट माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती," बाईंनी मला एकदा सांगितलं. "एकीला दुसरीशिवाय गोष्ट पुरी होत नव्हती."

आठ महिने ही वाटणी चालली. मग नणंदेला लांबच्या शहरात टेलिफोन खात्यात नोकरी लागली आणि बापलेकीत जुंपली. मुलीने एवढ्या लांब जाऊन एकटीने राहायचं हे सासऱ्यांना पटेना. ती हटेना. निघायच्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन दुकानात आली. हातात 'चौदावा पहारेकरी' नावाचं पुस्तक होतं, आदल्याच दिवशी एकशेअठ्ठावन्नपर्यंत वाचून झालेलं.

"बाबा, याचं शेवटचं पान द्या. पुस्तक मी बरोबर नेतेय. परत आले की आणीन."

"पुस्तक ठेव, पान वाच," सासरे म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

"मी सगळ्यांतली आहे का?"

सासरे जेवायला म्हणून आत निघून गेले. ती जेवायची वेळही नव्हती. काउंटरवर उरली ती सून, आणि तिच्या हातात किल्ली. नणंदेने तिच्याकडे बघितलं. तोंडाने काही मागितलं नाही, नुसतं बघितलं.

"मामंजींना विचारा ना पुन्हा," सून म्हणाली.

नणंदेने पुस्तक बॅगेत टाकलं. "राहू दे. शेवट तुला, पुस्तक मला," एवढं बोलून ती पायऱ्या उतरली. त्यानंतर अडतीस वर्षं ती त्या पायऱ्या चढली नाही. सासरे गेले तेव्हा तार आली, माणूस आलं नाही. नोंदवहीत क्रमांक चारशे सत्त्याऐंशीसमोरची जागा कोरी राहिली आणि तिसऱ्या खणात त्या क्रमांकाचं पाकीट कुणी मागितल्याशिवाय पडून राहिलं. सुरुवाती सांगणारं माणूस गेलं, आणि बाई पुढे नुसते शेवटच वाचत गेल्या. सुरुवात आपल्या वाटणीची नाही, असंच काहीतरी त्यांच्या मनाने धरलं असावं.

यंदा नणंदेचं पत्र आलं. चार ओळी. नोकरी संपली, आता मुलीजवळ लहान घरात राहायला जातेय, पुस्तकं वाटून टाकली. "हे एक कुणाला देता येईना. शेवट नसलेलं पुस्तक कोण घेणार? रविवारी आणून देते."

पत्र सोमवारी मिळालं. मंगळवारी सकाळी बाईंनी दुकान उघडलं तर जमिनीवर पाणी, आणि पाण्यावर पाकिटं.

झालं होतं एवढंच, की वरच्या केस कापणाऱ्याने सोमवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी झाडलोटीला येऊन नळाला पाणी नाही म्हणून तोटी तशीच उघडी टाकली होती. पाणी आलं, बेसिन भरलं, आणि छतातून धार लागली ती बरोबर तिसऱ्या खणावर. खणात चारशे एक ते सहाशे अशी दोनशे पाकिटं होती. डिंक विरघळून ती उमलली होती, पानं बाहेर तरंगत होती. छापील अक्षर शाबूत होतं. सासऱ्यांची निळी शाई मात्र सगळी धुऊन निघाली होती. दोनशे शेवट हाताशी, आणि त्यातला एकही कुणाचा ते सांगता येईना.

केस कापणारा जिन्यावर उभा राहून हात चोळत होता. "काकू, चूक झाली. तुमची पुस्तकं तर कोरडी आहेत ना?"

"पुस्तकं कोरडी आहेत रे. ती संपायची तेवढी राहिली."

तुम्ही म्हणाल, पानाच्या मथळ्यावर पुस्तकाचं नाव असेल. त्या स्वस्त पुस्तकांत असली चैन नसायची. पृष्ठसंख्येवरून कळेल? सगळी पुस्तकं एकशेसाठ पानांची, कारण छापखान्यात सोळा-सोळा पानांचे दहा फॉर्म एकदम निघत आणि लेखकाला गोष्ट त्यात बसवावी लागे. म्हणून प्रत्येकाचं कापलेलं पान एकच, पुढे एकशेएकोणसाठ, मागे एकशेसाठ. कापलेल्या कडा जुळवून बघाव्यात तर सासऱ्यांचा हात असा की कड रेषेसारखी सरळ. पानावरच पेन्सिलीने क्रमांक घातला असता तर? बाईंनी नवीन असताना तसं सुचवलंही होतं. "शेवटावर आपण काही लिहायचं नसतं," सासरे म्हणाले होते.

बुधवारी मी दुकानासमोरून गेलो तेव्हा आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर पानं चिमटे लावून वाळत घातलेली. गिऱ्हाईक वाकून आत येत होतं आणि वाकता वाकता मान तिरकी करत होतं.

"डोळे खाली!" बाई ओरडत. "फुकटचे शेवट वाचायचे नाहीत!"

मागच्या खोलीत त्यांचे यजमान इस्त्री घेऊन बसले होते. दोन कापडांमध्ये एकेक पान ठेवून हलक्या हाताने दाबत होते. आयुष्यभर काचा घासलेला माणूस, हात हळुवार. "माझ्या शर्टाला कधी एवढी इस्त्री लाभली नाही," ते मला म्हणाले.

युक्तीही त्यांनीच काढली. पुस्तकातलं एकशेअठ्ठावन्नावं पान बहुतेक वेळा वाक्याच्या मध्येच तुटतं. उरलेलं अर्धं वाक्य पुढच्या पानावर. धड इकडे, डोकं तिकडे. "धडाला डोकं लावत जायचं," ते म्हणाले. "सगळं जुळलं की शेवटी जे पान उरेल ते माझ्या बहिणीचं. तिचंच पुस्तक तेवढं इथे नाही."

"आणि चुकलं तर?"

"अगं, चुकेल कसं? गणित आहे."

"गणित तुमचं, पण पान मला द्यायचंय," बाई म्हणाल्या. "अडतीस वर्षांपूर्वी हात आखडला होता. आता रविवारी वन्सं पायरी चढतील तेव्हा पाकीट माझ्या हातात तयार पाहिजे. त्यांना मागायला लागता कामा नये. आणि अडतीस वर्षांनी देऊन ते भलत्याच कुणाचं निघालं, तर मी त्यांना कसं तोंड दाखवू?"

काम सुरू झालं. पुस्तक काढायचं, एकशेअठ्ठावन्नाची शेवटची ओळ वाचायची, पानांत त्याचं डोकं शोधायचं. 'तिने कंदील वर धरला आणि तिला दिसलं की सावलीला' इथे तुटलेलं वाक्य 'पाय होते, पण ते उलट्या दिशेला चालले होते' इथे सापडलं. 'कॅप्टन म्हणाला, पृथ्वी' याला चार पानं चिकटू बघत होती. पृथ्वी एकात फुटली होती, एकात विकली गेली होती, एकात ती मुळी नव्हतीच आणि एकात तिथे उशीर झाल्याबद्दल आई रागावली होती. शेवटी कॅप्टनचं जुळलं ते आईशी.

गुरुवारी एक वेगळीच गोष्ट घडली. जुळवताना बाईंना एका पानाचं कुतूहल वाटलं. हा शेवट त्यांना चांगला माहीत होता. विहिरीतला प्राणी मरतो आणि गावातली एक म्हातारी रडते. म्हातारी का रडते हे त्यांना कधी कळलं नव्हतं आणि कळून घ्यावंसं वाटलंही नव्हतं. आता पुस्तक हातात उघडंच होतं. त्यांनी एकशेअठ्ठावन्नावं पान पूर्ण वाचलं. मग सत्तावन्न. मग छप्पन. त्या उलट्या वाचत निघाल्या, नदीच्या मुखापासून वर चढत जावं तशा. एकशेबेचाळीसवर त्यांना कळलं की त्या प्राण्याला दूध कोण घालत होतं.

"अहो," त्या आत ओरडल्या, "ती त्याची आई होती!"

"कोण कुणाची?"

"म्हातारी! विहिरीतल्याची! तीस वर्षं मी समजत होते की गाव वाचलं म्हणून आनंदाने रडतेय मेली."

इस्त्री उभी ठेवायची राहिली आणि एक कापड करपलं. त्यानंतर कामाचा वेग मंदावला, कारण बाई प्रत्येक पुस्तकात मागच्या दाराने शिरून दोन-चार खोल्या बघून येऊ लागल्या. यजमान घड्याळाकडे बघून खाकरत. "रविवार जवळ येतोय," ते म्हणत. "हे एवढंच बघते," त्या म्हणत. नवऱ्याला असं उत्तर त्यांनी कधी दिलं नव्हतं.

सात पुस्तकं वाचकांच्या घरी होती. शुक्रवारी यजमान सायकल काढून दारोदार गेले. त्यातलं एक माझ्याकडे होतं. मी दार उघडलं तर हे धापा टाकत उभे, हातात वही.

"एकशेअठ्ठावन्नाची शेवटची ओळ सांगा."

"मी अजून सत्तरवर आहे."

"मग डोळे मिटून सांगा. पण सांगा."

मी पुस्तक त्यांच्याच हातात दिलं आणि दुसरीकडे बघत राहिलो. त्यांनी ओळ उतरून घेतली, पाणी प्यायले, आणि सगळी हकिकत मला सांगितली. जाताना म्हणाले, "तुमचं चांगलं संपतं."

"अहो!"

"चांगलं म्हणजे कसं ते कुठे सांगितलं?"

शनिवारी दुपारपर्यंत एकशेअठ्ठ्याण्णव पानं जुळली. एक उरायला हवं होतं. उरली दोन.

दोघांनी पुन्हा मोजलं. मग यजमानांनी सासऱ्यांची नोंदवही काढली आणि बोटाने एकेक ओळ तपासत खाली आले. पाचशे बाराजवळ बोट थांबलं. 'दाराआडचा श्वास. वाळवी लागून नष्ट.' पुस्तक वाळवीने खाल्लं, जाळून टाकलं. पण त्याचं शेवटचं पान खणात होतं, म्हणून वाचलं. एकवीस वर्षं तो शेवट आपल्या गोष्टीवाचून तिथे बसून होता. बाईंनी तो वाचलाही असणार, इतरांसारखाच.

आता दोन पानं काउंटरवर शेजारी-शेजारी. दोन्ही नव्या वाक्याने सुरू होणारी, तुटकं डोकं कशालाच नाही. नाव कुणाचं नाही, नुसता 'तो'.

पहिल्या पानात तो दारापाशी बसलेला आहे. पलीकडून कुणाचातरी श्वास ऐकू येतो. रात्र सरत येते तसं त्याला कळतं की पलीकडचा आपल्याबरोबरच श्वास घेतोय, थांबलो की थांबतोय. तो किल्ली खिशातून काढतो, जमिनीवर ठेवतो, आणि दाराखालच्या फटीतून हलकेच पलीकडे सरकवतो. तिथे गोष्ट संपते.

दुसऱ्या पानात लांबच्या प्रवासाला निघालेलं यान. सगळे झोपलेले, काचेच्या पेट्यांत, काचेवर श्वासाचं धुकं. जागा एकटा तो. तो एकेका पेटीपाशी थांबून कान देतो. मग आपल्या जागी येतो, दिवा मालवतो आणि पहिल्यांदाच डोळे मिटतो. शेवटची ओळ अशी: 'बाहेर तारे होते, आणि त्यांच्याकडे बघणारं कुणी नव्हतं.'

"सोपं आहे," यजमान म्हणाले. "यात दार आहे म्हणजे हे 'दाराआडचा श्वास'. त्यात माणूस जागा आहे म्हणजे तो पहारेकरी."

"पहारेकरी दारावर बसत नाही तर काय पाटावर बसतो? आणि श्वास तर त्या पेट्यांतही आहे. त्यांनाही दारं असतील."

"मग यान कुठून आलं वाळवीच्या पुस्तकात?"

"वाळवीला विचारा."

दोघंही हसले, पण बाईंचं हसू लवकर संपलं. एकोणीसशे शेवट पाठ असलेली बाई, आणि नेमका जो हवा तो त्यांना ओळखू येत नव्हता. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या दोन्ही पानं आळीपाळीने वाचत राहिल्या. वाचून शेवट कळत नाही हे त्यांना साठीला टेकताना समजलं. शेवट कळायला त्याच्या आधीचं काहीतरी लागतं.

रविवारी मी मुद्दाम गेलो, हे कबूल करतो. माझं पुस्तक वाचून झालं होतं, हा बहाणाही खोटा नव्हता.

नणंद अकराला आली. उंच, पांढऱ्या आखूड केसांची, गुडघे दुखत असावेत कारण दोन पायऱ्या चढायला तिने कठड्याला धरलं. घरात गेली नाही, भावाकडे बघून नुसती हसली आणि सरळ काउंटरसमोर येऊन गिऱ्हाइकासारखी उभी राहिली. बॅगेतून पुस्तक काढून ठेवलं. मुखपृष्ठ झिजून जवळजवळ पांढरं झालेलं.

"चारशे सत्त्याऐंशी," ती म्हणाली. "जरा उशीर झाला."

"वन्सं..." बाई म्हणाल्या. त्यांनी दोन पाकिटं काउंटरवर ठेवली.

"दोन?"

मग बाईंनी सगळं सांगितलं. तोटी, पाणी, शाई, वाळवी. एका दमात, नजर वर न करता. "मला तुमच्या हातात एकच द्यायचं होतं. बरोबरचं. मागायच्या आधी." आणि मग, ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते: "त्या दिवशी किल्ली माझ्याकडे होती."

"माहीत होतं," नणंद म्हणाली. "तुझ्या हातात वाजत होती."

"मग मागितली का नाही?"

"तू देतेस का ते बघत होते."

यजमान इस्त्रीचं कापड घडी करत होते, त्याची पुन्हा घडी करू लागले.

"आणि नंतर इतकी वर्षं बरं वाटायचं," नणंद पुढे म्हणाली, "की आपला शेवट कुणीतरी सांभाळून ठेवलाय. राग होता, नव्हता असं नाही. पण बाबांनी टाकून दिला असेल असं कधी वाटलं नाही. तूही टाकणार नाहीस, हेही ठाऊक होतं." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "उभ्यानेच वाचायचं ना अजून?"

"तुमचे गुडघे..."

"नियम सगळ्यांना सारखा."

तिने दोन्ही पानं वाचली. आधी एक, मग दुसरं. शेवटवाल्या बाई स्टुलावर बसल्या होत्या, हातात विणकाम नव्हतं. त्यांनी हजारो चेहरे असे बघितले होते, पण त्या दिवशी त्या ज्या नजरेने बघत होत्या तशी मी त्यांची नजर कधी पाहिली नव्हती. पहिलं पान वाचताना नणंदेच्या भुवया जरा वर गेल्या. दुसरं वाचताना ती एका जागी थांबली, मागे गेली, पुन्हा तेच वाचलं. मग पहिल्याकडे वळून त्याची एक ओळ बघितली आणि तिच्या तोंडून नुसता 'हं' निघाला.

"कोणतं?" बाईंनी विचारलं.

नणंदेने पानं पाकिटांत घातली, पाकिटं बॅगेत टाकली आणि बॅगेची चेन ओढली. मग झिजलेलं पुस्तक काउंटरवरून बाईंकडे सरकवलं.

"वाच. पहिल्या पानापासून. तू नुसते शेवटच वाचतेस असं दादा पत्रात लिहायचा, तसं नाही."

"अहो, पण शेवट?"

"शेवट माझ्याकडे. पुस्तक परत आणून दिलंस की मिळेल. माझ्या दारात, उभ्याने."

"तिकडे? एवढ्या लांब?" बाई म्हणाल्या. अडतीस वर्षांत त्या दुकान सोडून एक रात्रही बाहेर राहिल्या नव्हत्या.

"सहा तास लागतात. दादाला बसवून जा काउंटरवर. इस्त्री येते त्याला, दुकान येणार नाही का?" तिने नोंदवही स्वतःकडे ओढली, चारशे सत्त्याऐंशीच्या कोऱ्या जागेत पेनने आपला नवा पत्ता लिहिला आणि त्याखाली तारीख घातली. "आता मला चहा दे. पाय मोडायला आलेत."

दोघी आत गेल्या. कपबश्यांचा आवाज, मग दोघींचाही एकदम बोलण्याचा. यजमान काउंटरवर माझ्यासमोर उभे राहिले आणि उगाच ऐटीत खणाची किल्ली फिरवू लागले.

नणंद दुपारच्या गाडीने गेली. तिला सोडायला यजमान स्टँडवर गेले आणि बाई काउंटरवर परत येऊन बसल्या. मी तिथेच होतो. माझं पुस्तक परत करून झालं होतं, फक्त पाकीट मिळायचं होतं. माझ्या गोष्टीत एका बाईला आरशातून हाक येत होती आणि ती उत्तर देणार होती की नाही हे मला गेले दोन दिवस स्वस्थ बसू देत नव्हतं.

"बाई, माझं पान."

त्यांनी मान वर केली नाही. 'चौदावा पहारेकरी' त्यांनी उघडलं होतं, पान पहिलं. ओठ किंचित हलत होते, त्या ट्रकवाल्यासारखे. बोट पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकलं, थांबलं, पुन्हा पहिल्यावर गेलं.

"बाई?"

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे सुरू होतंय."